बेळगाव सीमाभागातील ताट, चपला आणि मधुमेह: दिनक्रमाची घडी कशी बसवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातील मराठी घरांत कोणाला मधुमेह निघाला की त्याच दिवशी साखरेचा डबा फडताळात वर जातो. त्याची जागा गुळाची ढेप घेते. ताटातल्या भाकऱ्या आणि भात तेवढाच राहतो, दुपारची डुलकीही सुटत नाही. तीन महिन्यांनी तपासणीचा आकडा पूर्वीइतकाच आला की माणूस म्हणतो, ‘इतके पथ्य करूनही काही उपयोग नाही.’ वास्तविक पथ्य केलेले नसते. फक्त एका पदार्थावर बहिष्कार टाकलेला असतो. मधुमेह आटोक्यात येतो तो अन्नाचे प्रमाण, जेवणाची वेळ, शरीराची हालचाल आणि औषध या चारांचा एकमेकांशी मेळ बसल्यावर. हा मेळ इथल्याच जेवणात, इथल्याच कामाच्या पाळ्यांत आणि इथल्याच सणवारांत कसा बसवावा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. लेख प्रौढांमधील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहापुरता आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा पुढे गेलेला विकार यांत नियम बदलतात, म्हणून अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा.

पहिली पायरी: आकडे समजून घेणे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आढळले. म्हणजे हा आजार आता शहरी श्रीमंतांचा राहिलेला नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होऊ शकते आणि ती करून घ्यावी. विशेषतः पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर ती टाळू नये.

उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ही रक्तचाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी चाचणी पुन्हा करतात. उपाशीपोटीचा आकडा १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था होय, आणि सवयी बदलण्याचा सर्वांत मोठा लाभ याच टप्प्यावर होतो. निदान झाल्यानंतर बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या आत, असे उद्दिष्ट ठेवले जाते. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीसाठी डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात, कारण त्या वयात साखर एकाएकी उतरणे हे थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा अधिक घातक ठरते. एचबीएवनसी ही साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी आहे. रक्तक्षय असल्यास मात्र हा आकडा फसवा येऊ शकतो, आणि आपल्याकडील अनेक स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट विसरली जाते.

दुसरी पायरी: आपल्या ताटाचा परिणाम स्वतः तपासणे

घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज सकाळी एकच आकडा पाहून वहीत लिहिण्यापेक्षा जोडीने तपासणे अधिक शहाणपणाचे आहे. एका दिवशी सकाळच्या नाश्त्याच्या आधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी, तिसऱ्या दिवशी रात्रीचे, असे फिरते वेळापत्रक ठेवावे. बाजूला काय आणि किती खाल्ले ते लिहावे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग असतात, म्हणून आठवड्यात अशा दोन-तीन जोड्या केल्या तरी महिन्याभरात चित्र स्पष्ट होते. उप्पीट खाल्ल्यावर साखर सत्तरने वाढली आणि मटकीच्या उसळीबरोबर एक पोळी खाल्ल्यावर तीसने वाढली, हे स्वतःच्या वहीत दिसले की कोणी उपदेश करण्याची गरज राहत नाही. बोटाच्या मध्यभागी टोचू नये, कडेला टोचावे, आणि त्यापूर्वी हात धुवावेत. फळ सोलल्यावर न धुतलेल्या बोटाने घेतलेला आकडा चुकीचा, जास्तच येतो.

तिसरी पायरी: ताटाची मांडणी

सीमाभागातील जेवण मुळात वाईट नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. जोंधळ्याची भाकरी, मेथी, शेपू, पोकळा, अंबाडी, मटकी-हुलग्याची उसळ, ताक, कांदा-काकडी हे सर्व मधुमेह्याच्या ताटात शोभणारे पदार्थ आहेत. अडचण प्रमाणाची आहे. ‘भाकरी चालते’ याचा अर्थ ‘भाकरी कितीही चालते’ असा लावला जातो. सत्तर ग्रॅम पिठाच्या एका मोठ्या भाकरीतून साधारण ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात, तीस ग्रॅम कणकेच्या पोळीतून सुमारे २० आणि मध्यम वाटीभर भातातून सुमारे ३०. म्हणजे एक मोठी भाकरी दोन पोळ्यांहून अधिक भरते. दोन भाकऱ्या खाऊन वर आमटी-भात घेतला तर एकाच जेवणात १२० ते १३० ग्रॅम कर्बोदके जातात, आणि ती जोंधळ्याची आहेत म्हणून शरीर त्यांना सवलत देत नाही. जोंधळ्यात आणि नाचणीत तंतू अधिक असतात हे खरे. त्यामुळे पांढऱ्या भातापेक्षा त्यांना पसंती द्यावी, पण मोजून.

व्यवहारात असे करावे. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीने भरावे. पाव ताट उसळ, घट्ट डाळ, झुणका, अंडी, मासे किंवा चिकन यांसाठी ठेवावे. उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात, यांपैकी एकच घ्यावे. भात सोडवतच नसेल, आणि खानापूरकडच्या भातपट्ट्यातील माणसाला तो सोडा म्हणणे मला तरी अव्यवहार्य वाटते, तर भाकरी वगळून एक वाटी भात घ्यावा आणि त्यावर आमटीच्या पाण्याऐवजी घट्ट डाळ किंवा उसळ घ्यावी. जेवणाचा क्रमही बदलावा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, शेवटी भाकरी किंवा भात. एवढ्या बदलानेही जेवणानंतर साखर चढण्याचा वेग कमी होतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या बाईने भाकऱ्यांचे पीठ निदान पहिले पंधरा दिवस वजन करून घ्यावे. हाताला सवय झाली की तराजू बाजूला ठेवता येतो. मधुमेह्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नये. तो दोन महिन्यांत बंद पडतो, आणि घरातील इतरांनाही याच ताटाची गरज असते. कुटुंबात सासूबाई किंवा मामंजी यांना मधुमेह असेल तर सुनेने वाढताना कमी वाढणे अवघड जाते, मान राखल्यासारखे होत नाही असे वाटते. म्हणून प्रमाण ज्येष्ठांनी स्वतः ठरवून सर्वांसमोर सांगावे, हे बरे.

नाश्ता हा इथला दुबळा दुवा आहे. इडली, डोसा, पोहे, उप्पीट, आप्पे हे सगळे तांदूळ किंवा रवा यांभोवती फिरते. ते बंद करण्यापेक्षा अर्धे करावे आणि उरलेली जागा मोड आलेली मटकी, उकडलेले अंडे किंवा मूगडाळीच्या धिरड्याने भरावी. इडलीबरोबर सांबार वाटीभर, डाळ-भाजी दिसेल असे दाट घ्यावे. चिरमुरे आणि गिरमिट (चिरमुऱ्यांची मसालेदार भेळ) हाताला हलके लागतात म्हणून निरुपद्रवी समजले जातात, पण फुललेला तांदूळ साखर झपाट्याने वाढवतो. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे त्यापेक्षा बरे. हुलग्याचे माडगे गूळ न घालता, ताक आणि जिरे घालून करावे. खारट-तिखटाकडे कोणी लक्ष देत नाही. लोणचे, पापड आणि खर्डा मिळून दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या वर सहज जाते आणि मधुमेहासोबत रक्तदाबही बहुधा असतोच.

चौथी पायरी: चहा, गूळ आणि कुंदा

दिवसाचे पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर, तीही कोणाच्या लक्षात न येता. चहा बिनसाखरेचा करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी बदल आहे. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास महिन्याभरात जीभ बदलते. पाहुण्यांच्या घरी ‘थोडी घाला’ म्हणण्याऐवजी ‘बिनसाखरेचा द्या’ असे स्पष्ट सांगावे.

संकेश्वर, मुडलगीकडच्या गुळाबद्दल कितीही अभिमान असला तरी गूळ ही प्रामुख्याने साखरच आहे. त्यातील थोडे लोह आणि खनिजे रक्तातील साखरेचा आकडा खाली आणत नाहीत. काकवी आणि मध यांनाही हेच लागू. गाळप हंगामात शेताच्या बांधावर आग्रहाने दिल्या जाणाऱ्या उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते आणि तंतू जवळपास नसतात. तेथे ऊस चावून खाणे हाही सुरक्षित पर्याय नव्हे.

बेळगावचा कुंदा आणि गोकाकचे करदंट या मिठायांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते आनंदाचे आणि देण्याघेण्याचे पदार्थ आहेत. माझ्या मते संपूर्ण बंदीपेक्षा नियम टिकतो: सणाच्या दिवशी, जेवणाच्या शेवटी, एक चमचा कुंदा किंवा करदंटाचा लहान तुकडा, आणि त्या जेवणात अर्धी भाकरी कमी. उपाशीपोटी किंवा संध्याकाळच्या चहाबरोबर कधीही नाही. ‘शुगर फ्री’ असे लिहिलेल्या मिठाईत दूध, खवा, खजूर किंवा तूप बहुधा असतेच. ती हिशेबाबाहेर धरू नये.

पाचवी पायरी: चालणे, आणि पाळीच्या कामाचा बंदोबस्त

आठवड्याला एकूण १५० मिनिटे घाम येईल इतके चालणे, आणि सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड न पाडणे, हे मूळ माप आहे. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते ती चांगलीच. पण साखरेच्या दृष्टीने प्रत्येक मुख्य जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे सकाळच्या फेरीइतकीच मोलाची आहेत, कारण त्या वेळी स्नायू नुकतीच रक्तात आलेली साखर वापरतात. खानापूरच्या पावसाळ्यात बाहेर पडणे शक्य नसेल तर सोप्यात फेऱ्या माराव्यात आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस करावी. स्नायूंना भार देणारा असा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा आवश्यक आहे. ‘मी शेतात राबतो’ हे उत्तर लावणी-कापणीच्या दिवसांपुरते खरे असते. ट्रॅक्टर, मोटारपंप आणि दुचाकी आल्यानंतर उरलेल्या वर्षाचे काय, हे ज्याचे त्याने पाहावे. चालताना छातीत दडपण येत असेल तर व्यायाम थांबवून आधी हृदय तपासावे.

साखर कारखान्यात हंगामी रात्रपाळी करणारे आणि उद्यमबागेतील फाउंड्रीत पाळ्यांनी काम करणारे यांच्यासाठी घड्याळाचे नियम निरुपयोगी आहेत. त्यांनी औषध ‘सकाळ-रात्र’ असे न घेता ते आपल्या मुख्य जेवणाशी कसे जोडावे, हे पाळी बदलण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. रात्रपाळीत पोटभर भात न नेता भाकरी, उसळ आणि ताक न्यावे, पहाटे वडापाव टाळावा, आणि घरी आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपावे. अपुरी झोप दुसऱ्या दिवशीची भूक आणि साखर दोन्ही वाढवते.

सहावी पायरी: औषधे

सीमाभागाची एक खास अडचण आहे. एक डॉक्टर बेळगावात, दुसरे कोल्हापूर किंवा मिरजेत, मुलगा पुण्यात असल्याने तिसरे तिकडे. प्रत्येक जण वेगळ्या कंपनीची गोळी लिहितो आणि पिशवीत एकच औषध दोन नावांनी येते. ग्लिमेपिराइड हे साखर उतरवणारे औषध अशा रीतीने दुप्पट घेतले गेले तर साखर धोकादायक उतरते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या सर्व रिकाम्या पट्ट्यांची पिशवी न्यावी, आणि औषधाच्या कंपनीच्या नावाखाली लहान अक्षरांत असलेले मूळ नाव वहीत उतरवावे. दवाखान्यातील कर्मचारी कन्नडमध्ये सांगत असतील आणि ज्येष्ठांना ते नीट उमगत नसेल तर संकोच न करता वेळा कागदावर लिहून मागाव्यात.

साखर नॉर्मल आली म्हणून गोळ्या बंद करू नयेत. ती गोळ्यांमुळेच नॉर्मल आलेली असू शकते. मेटफॉर्मिन जेवणासोबत घेतल्यास पोट कमी बिघडते, आणि अनेक वर्षे चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्व तपासावे. मेथी, कारले आहारात असावेत, औषधाच्या जागी नव्हे. बाजारात ‘मुळापासून बरा’ करणाऱ्या भुकट्या मिळतात, त्यांत कधी कधी ॲलोपॅथिक औषध लपवून मिसळलेले आढळले आहे. त्यांपासून दूर राहावे. इन्शुलिन सुरू करणे म्हणजे शेवट आला असे नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वीज वारंवार जात असेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा उपयोग होतो. टोचण्याची जागा रोज बदलावी.

हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक चिडचिड ही साखर ७० च्या खाली गेल्याची चिन्हे आहेत. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, न वाढल्यास पुन्हा द्यावी, आणि सावरल्यावर थोडे जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी. रिकाम्या पोटी दारू घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

सातवी पायरी: पाय

या विषयावर मी अधिक लिहितो, कारण शेतकरी भागात मधुमेहामुळे जाणारा पाय बहुतेक वेळा टाळता आला असता. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तळपायाची संवेदना मंदावते. काटा रुतला, चप्पल चावली, शेकाने कातडी भाजली, तरी कळत नाही. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही आणि ती हाडापर्यंत जाते. दुखत नाही, हीच या जखमेची खरी धोक्याची खूण आहे.

रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची ऊब पायाने नव्हे तर कोपराने किंवा घरातील दुसऱ्याच्या हाताने पाहावी. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. भेगांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे, मात्र बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल काढू नयेत. कुरूप किंवा भोवरी ब्लेडने कापणे, त्यावर बिब्बा किंवा बाजारातील ॲसिडची पट्टी लावणे, सुन्न पायाला विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देणे, हे तिन्ही कटाक्षाने टाळावे.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे जिल्हेही येतात. अथणी आणि निपाणीत ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. तिच्या देखणेपणाबद्दल दुमत नाही, पण संवेदना गेलेल्या पायाला तिचा कडक तळ आणि अंगठ्याचा चामडी पट्टा सोसत नाही. अशा माणसाने मऊ तळाची, मागे पट्टा असलेली एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल किंवा रुंद पुढ्याचे बूट वापरावेत. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभरच घालावा.

भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहिल्याने चिखल्या होतात. मधुमेह्यासाठी ती जंतूंना उघडलेली वाट आहे. शक्य तर हे काम दुसऱ्याला द्यावे, नाहीतर गमबूट वापरून घरी आल्यावर पाय कोरडे करावेत आणि चिखल्यांवर बुरशीचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे. नवरात्रातील अनवाणी नेम, दुर्गामाता दौड, सौंदत्तीच्या यल्लम्माची किंवा चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, यांत तापलेला दगड सुन्न तळव्याला फोड आणतो आणि तो संध्याकाळी दिसतो. डॉक्टरांनी संवेदना कमी झाल्याचे सांगितले असेल तर नवस दुसऱ्या रूपाने फेडावा, आणि देवळाच्या आवारात निदान जाड मोजे घालावेत. विडी, मिश्री, तंबाखू सोडल्याशिवाय पायाच्या रक्तवाहिन्यांबद्दल केलेला कोणताही उपाय अर्धाच आहे. तंबाखूच्या बाजारपेठेत राहणाऱ्या निपाणीकरांनी तर हे अधिकच लक्षात घ्यावे. जखम, लाली, सूज किंवा काळसर डाग दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद भरून आठवडाभर वाट पाहू नये.

आठवी पायरी: उपवास, वार्षिक तपासण्या आणि आजारपण

एकादशी-संकष्टीची साबुदाणा खिचडी ही पथ्याच्या दृष्टीने जेवणापेक्षा जड आहे. उपवास करायचाच असेल तर राजगिऱ्याची लहान भाकरी, काकडी-शेंगदाण्याची कोशिंबीर, ताक आणि एखादा पेरू पुरेसा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी निरंकार उपवास डॉक्टरांना न विचारता करू नये. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनीही नाही, कारण दीर्घ उपवासात त्या औषधाने रक्तातील आम्ल वाढू शकते.

एचबीएवनसी तीन ते सहा महिन्यांनी करावी. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना तपासावी. दृष्टी स्वच्छ आहे म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये, कारण पडद्याचा विकार बराच काळ मुकाट वाढतो. रक्तदाब बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत असावा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी, कारण मधुमेह्यांत क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो.

ताप, जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्यास जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन परस्पर पूर्ण बंद करू नये. आजारपणात साखर उलट वाढते. दर चार तासांनी साखर तपासावी, पाणी, पातळ ताक, मिठाची पेज थोडी थोडी घेत राहावी, आणि उलट्या थांबत नसतील तर मेटफॉर्मिन व डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवावे की नाही हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. साखर सतत ३०० च्या वर, श्वास जलद आणि खोल, पोटात तीव्र दुखणे किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता, औषधांची पिशवी आणि वही बरोबर घेऊन, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.